रोगाची शेती



शेतकरी पीक वाढवितो आणि रोग टाळतो. माळी फुले फुलवितो आणि कीड मारतो. परंतु जगात काही माणसे अशीही आहेत की जी मोठ्या निगेने किडे पाळतात, त्यांना वेळच्या वेळी खाऊ घालतात, त्यांच्या उबेची व स्वच्छतेची चिंता वाहतात, आणि हे सारे करतात ते त्या किड्यांच्या अंगी एक रोग नीट वाढावा म्हणून! आमच्या वर्गात एकदा हा विषय निघाला तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "सर, रोग वाढवायचा कशाला? आहे तोच पुरे नाही का?" वर्ग हसला, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. त्याचे उत्तर आज आपणांसमोर मांडावे असा विचार आहे.

ज्या रोगजंतूंविषयी मी बोलणार आहे त्यांना 'मायक्रोस्पोरिडिया' असे नाव आहे. हे एकपेशीय परोपजीवी होत. पूर्वी त्यांची गणना आदिजीवांत करीत. आता ते बुरशीचे जवळचे नातलग मानले जातात. त्यांच्या दीड हजारांच्या आसपास जाती ज्ञात आहेत, आणि त्यांतील पुष्कळशा किड्यांच्या शरीरात राहतात. एका प्राण्याच्या देहातून दुसऱ्याच्या देहात प्रवास करताना त्यांचे जे रूप असते त्यास बीजाणू म्हणतात. मिलिमीटरचे हजार भाग कल्पिले तर त्यांपैकी तीन-चार भाग एवढीच रेशीमकिड्यातील बीजाणूची लांबी. आकार तांदळाच्या दाण्यासारखा लंबगोल, कवच कठीण.

या इवल्याशा दाण्यात एक अद्भुत यंत्र दडलेले असते. आत एक सूक्ष्म नळी दोरीच्या वेटोळ्याप्रमाणे गुंडाळून ठेवलेली असते. किड्याने अन्नाबरोबर बीजाणू गिळला आणि आतड्यात त्यास योग्य ती परिस्थिती लाभली, की हातमोज्याचे बोट उलटे करून बाहेर काढावे तशी ती नळी क्षणार्धात बाहेर फेकली जाते. तिचे टोक यजमानाच्या पेशीत घुसते आणि नळीच्या पोकळीतून जंतूचा जिवंत अंश त्या पेशीत उतरतो. तेथे तो वाढतो, दुभंगतो, पुन्हा दुभंगतो, आणि अखेरीस सारी पेशी नव्या बीजाणूंनी गच्च भरून जाते.

आता मुख्य अडचण पाहा. दूध विरजताना आपण ताकाचा एक थेंब कोमट दुधात टाकतो. त्या थेंबातील जंतू रात्रीत वाढतात आणि सकाळी दही तयार होते. त्यांना दूध मिळाले की पुरे. गाय लागत नाही. पुष्कळसे रोगजंतूही अशाच रीतीने, शिजविलेल्या पोषक रसावर, काचेच्या बशीत वाढविता येतात. मायक्रोस्पोरिडियाचे तसे नाही. प्राण्यांच्या पेशीत ऊर्जा निर्माण करणाऱ्या ज्या कणिका असतात त्यांचे केवळ क्षीण अवशेष यांच्यात उरलेले आहेत. झाडावर वाढणाऱ्या अमरवेलीला जशी स्वतःची पाने नसतात, तसे हे जंतू स्वतःची चूल मोडून बसलेले आहेत. शेजाऱ्याच्या शिजलेल्या अन्नावर त्यांचा निर्वाह. जिवंत पेशीबाहेर त्यांचा बीजाणू टिकून राहील, पण वाढणार मात्र नाही. १९३७ साली विल्यम ट्रेगर या शास्त्रज्ञाने रेशीमकिड्याच्या ऊती प्रयोगशाळेत जगवून त्यांत हा जंतू काही अंशी वाढवून दाखविला, आणि पुढे काही जातींच्या बाबतीत ही वाट रुंद झाली. परंतु तेथेही पेशी जिवंत लागते ती लागतेच. तेव्हा ज्याला या रोगाचा अभ्यास करावयाचा आहे त्याला प्रथम किडा पाळता आला पाहिजे. आणि किडाही असा, की जो निखालस निरोगी आहे.

निरोगी का? कारण किड्याच्या अंगी आधीच रोग असेल, तर आपण दिलेल्या जंतूने काय केले आणि आधीच्या जंतूने काय केले हे कळणार कसे? रोगाच्या शेतीचे पहिले बियाणे म्हणजे आरोग्य, असे म्हटले तर ते चमत्कारिक वाटेल. पण वस्तुस्थिती तीच आहे. हा धडा जगाला ज्या प्रसंगाने शिकविला तो थोडक्यात सांगतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दक्षिण फ्रान्समधील सेव्हेन या डोंगराळ प्रदेशातील हजारो कुटुंबे रेशमावर जगत होती. तुतीच्या झाडाला तिकडे सोन्याचे झाड म्हणत. १८५३ साली फ्रान्समध्ये रेशमाच्या कोषांचे उत्पन्न सुमारे दोन कोटी साठ लक्ष किलोग्राम होते. मग एक रोग आला. अळ्यांच्या अंगावर मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके दिसू लागत, अळ्या खाईनाशा होत आणि मरत. त्या प्रांताच्या बोलीतील मिरीच्या नावावरून रोगास 'पेब्रीन' हे नाव पडले. लोकांनी इटलीतून अंडी आणविली. रोग तेथे पोचला. मग तुर्कस्तानकडून आणविली, अखेरीस जपानातून. १८६५ पर्यंत उत्पन्न चाळीस लक्ष किलोग्रामवर आले. ज्या घरात तुतीच्या पानांवर मुलांचे दूध-भाकर अवलंबून होते, त्या घरात काय झाले असेल याची कल्पना श्रोत्यांनीच करावी.

त्या वर्षीच्या जून महिन्यात लुई पाश्चर यांस सरकारने आले या गावी धाडले. पाश्चर रसायनशास्त्रज्ञ होते; रेशीमकिड्याला त्यांनी तोवर हातही लावला नव्हता. कीटकांचे थोर अभ्यासक फाब्र यांनी लिहून ठेवले आहे की, पाश्चर आपल्याकडे आले तेव्हा त्यांनी एक कोष हाती घेतला, कानाशी नेऊन हलविला आणि आत काही आहे की काय अशी पृच्छा केली! फाब्र थक्क झाले. पण त्या अज्ञानाचा त्यांनी उपहास केला नाही. ज्याला आपल्याला ठाऊक नाही हे विचारण्याची लाज वाटत नाही, तो शिकतो.

रोगी पतंगांच्या व अळ्यांच्या शरीरात सूक्ष्मदर्शकाखाली चकचकीत लंबगोल कण दिसतात, ही गोष्ट पाश्चरपूर्वीच इटलीतील संशोधकांनी नमूद केलेली होती, आणि १८५७ साली नेगेली यांनी त्या कणांना 'नोझेमा बाँबिसिस' असे नावही दिले होते. पण हे कण रोगाचे कारण की रोगाचा परिणाम? पाश्चर प्रथम दुसऱ्या मताचे होते, आणि ते मत चुकीचे होते. चूक उमगली ती रोग मुद्दाम वाढवून पाहिल्यामुळेच. रोगी किडे पाण्यात वाटून ते पाणी तुतीच्या पानांवर लावायचे, ती पाने निरोगी अळ्यांना खाऊ घालायची, आणि त्याच कुळातील दुसऱ्या अळ्यांना स्वच्छ पाने देऊन वेगळ्या ठेवायच्या, असे प्रयोग पाश्चर व त्यांचे सहकारी यांनी पुनःपुन्हा केले. त्यांचे एक सहकारी झेर्ने यांच्या प्रयोगांनी गुरूची शंका फिटली. ज्यांनी कण खाल्ले त्या रोगी झाल्या. ज्यांनी खाल्ले नाहीत त्या कोषात गेल्या. १८६७ साली पाश्चर यांनी आपले पूर्वीचे मत बदलले.

याच प्रयोगांतून एक फार मोलाची गोष्ट हाती आली. अळी कोवळ्या वयात रोगी झाली तर ती मरते. परंतु उशिरा रोग जडला तर ती धडपणे कोष विणते, कोष दिसावयास उत्तम असतो, आणि रोग मात्र आतल्या पतंगात वाढत राहतो. ती मादी अंडी घालते तेव्हा तो अंड्यांत उतरतो. म्हणजे जो शेतकरी भरदार कोष पाहून ते बियाण्यासाठी राखीत होता, तो स्वतःच्या हाताने पुढील वर्षाचा रोग राखून ठेवीत होता.

यावर पाश्चर यांनी जो उपाय काढला तो शाळकरी मुलालाही समजेल इतका सोपा आहे. प्रत्येक मादीला फडक्याच्या वेगळ्या तुकड्यावर अंडी घालू द्या. अंडी घालून झाली की ती मादी थोड्या पाण्यात खलून तो एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. कण दिसले तर फडक्यासकट अंडी जाळा. न दिसले तर ठेवा. अंड्याकडे पाहू नका, अळीकडे पाहू नका, आईकडे पाहा. ही रीत त्यांनी पुढे गावोगावच्या लोकांना शिकविली, आणि घरी त्यांची पत्नी व मुलगीही या कामास बसत. ही सारी वर्षे त्यांना सुखाची गेली नाहीत. आलेस पोचताच त्यांचे वडील वारले. त्या वर्षी व पुढील वर्षी मिळून दोन मुली गेल्या. १८६८ च्या ऑक्टोबरात स्वतःस पक्षाघाताचा झटका आला. तरी १८७० साली त्यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. फ्रान्सच्या रेशमाला पूर्वीचे वैभव पुन्हा आले नाही, कारण पूर्वेकडील स्वस्त रेशीम तोवर बाजारात उतरले होते. पण ती रीत टिकली. आजही कर्नाटकात आणि महाराष्ट्रात जेथे रेशीमकिड्यांचे रोगमुक्त अंडीपुंज तयार होतात, तेथे मादी पतंग तपासूनच अंडी शेतकऱ्याच्या हाती जातात. बेळगाव-धारवाडकडील ज्या श्रोत्यांच्या शेतात तुती आहे, त्यांना हे मी सांगावयास नको.

आता आजच्या प्रयोगशाळेत ही 'शेती' कशी चालते ते पाहू. उदाहरण मधमाशीचे घेऊ. मधमाशीच्या आतड्यात राहणारी नोझेमाची एक जात १९०९ साली जर्मनीत झांडर यांनी वर्णिली. दुसरी, 'सेराने' नावाची, आशियातील मधमाशीत सापडली. तिचे वर्णन १९९६ साली झाले, आणि पुढे ती युरोपीय मधमाश्यांतही जगभर पसरल्याचे आढळले. हिचा अभ्यास करणाऱ्यांनी एकमेकांचे निष्कर्ष ताडून पाहता यावेत म्हणून २०१३ साली एक समान पद्धतीही लिहून प्रसिद्ध केली. तिचा सांगाडा असा.

प्रथम निरोगी माश्या. यासाठी पोळ्याची अशी एक चौकट घेतात की जिच्या बंद घरांतून माश्या आता बाहेर पडावयाच्या आहेत. ती ३४ ते ३५ अंश सेल्सियस उष्णतेच्या पेटीत ठेवतात. पोळ्याच्या गाभ्यात माश्या स्वतः एवढीच ऊब राखतात. नुकतीच जन्मलेली माशी या रोगापासून मुक्त असते. तिला वडीलधाऱ्या माश्यांचा स्पर्श होण्यापूर्वीच लहान पिंजऱ्यात घेतात आणि साखरेचा पाक देतात.

मग रोगाचे बी. त्यासाठी रोगी पोळ्यातील वयस्क माश्यांची मधली आतडी काढून ती पाण्यात कुटतात, गाळतात आणि वेगाने फिरणाऱ्या यंत्रात घालून बीजाणू तळाशी बसवितात. रक्तपेशी मोजण्यासाठी चौकटी आखलेली जी काचपट्टी वापरतात, तिच्यावर थेंब घालून बीजाणू मोजतात. दोन्ही जातींचे बीजाणू दिसावयास इतके सारखे असतात की नुसत्या डोळ्यावर विसंबून चालत नाही. आनुवंशिक द्रव्याची परीक्षा करून जात निश्चित करावी लागते. आणि बी ताजेच लागते. सेराने जातीचे बीजाणू थंडीत ठेवले तर त्यांची रोग लावण्याची शक्ती ओसरते. म्हणजे एकदा बी करून कपाटात ठेवले आणि वर्षभर वापरले, ही सोय येथे नाही. रोग चालू ठेवावयाचा तर माशीमागून माशी पाळीत राहावे लागते.

नंतर पेरणी. माशीला काही तास उपाशी ठेवतात आणि मग एकेकीला पाकाचा एक सूक्ष्म थेंब, मिलिलिटरचा दोनशेवा भाग, नळीच्या टोकाने पाजतात. त्यात किती बीजाणू आहेत हे आधी मोजलेले असते. उदाहरणार्थ दहा हजार. जी माशी थेंब पुरता पीत नाही ती प्रयोगातून वगळतात. तेवढ्याच माश्यांना बीजाणू नसलेला पाक देऊन त्या वेगळ्या पिंजऱ्यात ठेवतात. आठ-पंधरा दिवस उलटले की पीक तयार होते. पेरलेल्या दहा हजारांचे एकेका माशीत काही कोटी झालेले असतात. आणि दुसऱ्या पिंजऱ्यातील माश्यांत एकही बीजाणू सापडता कामा नये. सापडला तर पहिल्या पिंजऱ्यातील कोट्यवधी बीजाणूंनाही काही अर्थ उरत नाही. पंधरा दिवसांची मेहनत टाकून देऊन पुन्हा चौकटीपासून आरंभ करावा लागतो. वहीत खरे लिहावयाचे असेल तर याला दुसरा मार्ग नाही.

पाळलेल्या किड्यांत रोग न बोलावताही येतो, याचे एक बोधप्रद उदाहरण आहे. १९५३ साली एलिझाबेथ कॅनिंग या विदुषीने प्रयोगशाळेत पाळलेल्या आफ्रिकी टोळांच्या चरबीतून मायक्रोस्पोरिडियाच्या एका नव्या जातीचे वर्णन केले. टोळ पाळणाराला ती आपत्तीच. पण याच जातीवर पुढे अमेरिकेत मोंटाना राज्यात जॉन हेन्री व त्यांचे सहकारी यांनी काम केले, आणि १९८० साली नाकतोड्यांच्या बंदोबस्तासाठी तिचा उपयोग करण्यास तेथील सरकारने संमती दिली. नाकतोडे पाळावयाचे, त्यांना रोग द्यावयाचा, त्यांच्या देहातून बीजाणू काढावयाचे आणि गव्हाच्या कोंड्याला लावून कुरणात पेरावयाचे, अशी ती रीत. विषारी औषधाप्रमाणे ती झटपट काम करीत नाही. आणि बीजाणू कारखान्याच्या हौदात पिकत नसल्याने प्रत्येक पोत्यामागे नाकतोडे पाळणाऱ्या माणसांचे हात लागतात.

शेवटचे उदाहरण मला सर्वांत जिव्हाळ्याचे वाटते, कारण ते हिवतापाचे आहे. हैदराबादकडील श्रोत्यांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, डासाच्या पोटात हिवतापाचा परोपजीवी प्रथम दिसला तो सिकंदराबादेस, १८९७ च्या ऑगस्ट महिन्यात, रोनाल्ड रॉस यांस. हिवतापाचा जंतू मायक्रोस्पोरिडियापैकी नव्हे. पण रॉस यांचीही रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. त्यांनी डास घरातून धरून आणले नाहीत. पाण्यातील अळ्यांपासून ते स्वतः वाढविले, म्हणजे त्यांनी पूर्वी कोणाचे रक्त प्यालेले नाही अशी खात्री झाली, आणि मग ते हिवतापाच्या रोग्यावर सोडले. निरोगी यजमान प्रथम, रोग नंतर, नियम तोच.

तर २०२० साली केनियातील कीटकसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ग्लासगो विद्यापीठातील सहकाऱ्यांसह असे प्रसिद्ध केले की, तेथील ॲनॉफिलीस डासांच्या एका जातीत मायक्रोस्पोरिडियाचा एक प्रकार वस्ती करून असतो, डासाला त्याचा फारसा उपद्रव दिसत नाही, आणि ज्या डासात तो आहे त्या डासात हिवतापाचा परोपजीवी रुजत नाही! हा जंतू आईकडून अंड्यांत जातो. आता त्याचा अभ्यास करावयाचा तर तो प्रयोगशाळेत टिकविला पाहिजे. तो कसा टिकवितात? रानातून अंड्यांवर आलेल्या माद्या आणतात. प्रत्येक मादीला वेगळ्या नळीत अंडी घालू देतात. मग त्या मादीची परीक्षा करतात. तिच्यात जंतू आढळला तर तिची अंडी ठेवतात. न आढळला तर प्रयोगाच्या उपयोगी नाहीत म्हणून बाजूस सारतात.

श्रोत्यांच्या ध्यानात आलेच असेल. ही पाश्चर यांचीच रीत आहे, फक्त निवाडा उलटा. तेथे आईच्या अंगी जंतू दिसला की अंडी जाळावयाची. येथे दिसला की जपावयाची. तेथे रेशीमकिडा वाचवावयाचा होता म्हणून जंतू वैरी. येथे माणूस वाचवावयाचा आहे म्हणून जंतू कदाचित मित्र. 'कदाचित' हा शब्द मी जाणून वापरतो. केनियातील डास निराळा. गोव्यात व आपल्या शहरांत हिवताप पसरविणारा प्रमुख डास, स्टिफेन्सी, निराळा. प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यात जे घडते ते गावच्या डबक्यात घडेलच असे नाही, आणि तोवर पाण्याची टाकी झाकणे व मच्छरदाणी लावणे यांतून आपली सुटका नाही.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. रोग वाढवायचा कशाला? मी त्याला सांगितले ते असे. रोग आपण होऊन वाढतो तेव्हा तो कोठून आला, किती आला, कोणाला लागला आणि कोणाला का लागला नाही, यांतील काहीच आपल्या हाती नसते. सेव्हेनमधील शेतकऱ्यांच्या घरी तो बारा वर्षे वाढतच होता. पण त्याने त्यांना काही शिकविले नाही, फक्त भिकेस लाविले. पाश्चर यांनी तोच रोग मोजून दिला, शेजारी निरोगी अळ्या ठेवल्या, आणि मग रोग बोलू लागला. तो मुलगा जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे सर, दुसरा पिंजरा जास्त महत्त्वाचा." मी त्याला बसावयास सांगितले, कारण त्यापुढे मला सांगावयाचे काही उरले नव्हते.